मृत्यूचें दप्तर

आपल्याकडील जुन्या घराण्यांत तीन पिढ्यांच्या तिथि तोंडपाठ असणारी एखादी वृद्ध स्त्री अद्यापि आढळते. पणजोबांचें श्राद्ध माघ वद्य पंचमीस. आजेसासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचें अविधवा नवमीस. हें ती न चुकतां सांगेल. परंतु पणजोबा कोणत्या सालीं वारले, त्यांचें वय काय होतें, ते कोणत्या दुखण्यानें गेले, असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. श्राद्धास मास, पक्ष व तिथि लागते. साल आणि रोग लागत नाहीं. जें वर्षानुवर्षें कोणी तरी विचारतें तेंच स्मरणांत टिकतें. जें कोणीच विचारीत नाहीं तें एक-दोन पिढ्यांत पुसलें जातें.

मृत्यूच्या सरकारी दप्तरांची कथाहि याहून फारशी निराळी नाहीं. विलायतेंतील पॅरिशांच्या वह्या आणि अमेरिकेंतील कौंट्यांचीं रजिस्टरें यांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट वारंवार नजरेस येते. ती ही कीं, विचारणारा जसा, तशी नोंद. धर्मोपदेशक विचारी तेव्हां संस्कार लिहिला गेला, करवसुलीचा अंमलदार विचारूं लागला तेव्हां मालमत्ता लिहिली गेली, आणि आरोग्याधिकारी विचारूं लागला तेव्हां रोग लिहिला गेला. या महिन्यांत त्या दप्तरांचीच थोडी ओळख करून घेऊं.

इ. स. १५३८ सालीं आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें इंग्लंडांतील प्रत्येक पॅरिशच्या धर्मोपदेशकास हुकूम केला कीं, त्यानें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची एक वही ठेवावी. पॅरिश म्हणजे एका देवळाच्या कक्षेंतील गांव अगर पेठ. दर रविवारीं मागील आठवड्याच्या नोंदी कराव्या. वही दोन कुलुपांच्या पेटींत ठेवून एक किल्ली उपदेशकाजवळ व दुसरी देवळाच्या पंचांजवळ असावी. हयगय झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड द्यावा. असा त्या हुकुमाचा तपशील होता. हा नव्या कराचा डाव असावा अशी शंका त्या वेळीं पुष्कळांस आली. तसा कर कांहीं त्या वेळीं बसला नाहीं, पण राजा आपल्या घरच्या जन्ममरणाची चौकशी करतो म्हणजे कांहीं तरी मागणार, ही लोकांची समजूत मात्र पुढें शतकानुशतकें टिकली. या वह्यांत मृत्यूची नोंद नसे, दफनाची असे. जो त्या देवळांत पुरला गेला नाहीं तो वहींत आला नाहीं. क्वेकर पंथाचे लोक आपल्या वह्या निराळ्या ठेवीत. बाप्तिस्म्यापूर्वींच दगावलेल्या तान्ह्या मुलांस धार्मिक विधि मिळत नसे. त्यामुळें अशीं कित्येक मुलें कोणत्याच वहींत सांपडत नाहींत.

लंडन शहरांत प्लेगच्या भयानें दुसरी एक रीत पडली. इ. स. १६०३ पासून दर आठवड्यास मृतांच्या संख्येचीं पत्रकें नियमितपणें निघूं लागलीं. कोणी वारलें कीं देवळाची घंटा वाजे, आणि या कामीं शपथेवर नेमलेल्या वृद्ध स्त्रिया प्रेत पाहून मरणाचें कारण पॅरिशच्या कारकुनास सांगत. या स्त्रिया बहुधा गरीब असत व वैद्यकाचें ज्ञान त्यांस नसे. कापडाच्या किरकोळ जिनसांचा व्यापार करणारा जॉन ग्राँट नांवाचा एक लंडनवासी ही पत्रकें घेऊन बसला आणि १६६२ त त्यानें त्यांवर एक लहानसें पुस्तक छापलें. पत्रकांत मृताचें वय लिहिलेलें नसे. तरीहि केवळ मुलांना होणाऱ्या रोगांचे आकडे एकत्र करून त्यानें असा अंदाज काढला कीं, जन्मलेल्या शंभर मुलांपैकीं सुमारे छत्तीस सहा वर्षांच्या आंत दगावतात. आजच्या लोकसंख्याशास्त्राचा आरंभ याच पुस्तकापासून धरतात.

याच ग्राँटनें पत्रकांतील लबाडीवरहि बोट ठेवलें. उपदंशानें झिजून मेलेल्यांची गणना क्षयांत होते. कारण पेलाभर मद्य आणि नेहमींच्या दुप्पट फी मिळाली म्हणजे तपासणाऱ्या बाईस दोहोंतील भेद दिसेनासा होतो, असें तो स्पष्ट लिहितो. प्लेगच्या बाबतींत लपवालपवीचें कारण याहून गंभीर होतें. प्लेगनें मृत्यु झाला असें ठरलें कीं, घरांतील निरोगी माणसांसकट तें घर चाळीस दिवस बंद करीत. अशा वेळीं आपल्या घरच्या मृत्यूस दुसरें कांहींहि नांव मिळावें असें घरच्यांस वाटणें साहजिक होतें. १६६५ च्या मोठ्या सांथींत पत्रकांप्रमाणें प्लेगचे बळी ६८,५९६ झाले. खरा आकडा त्याहून बराच मोठा असला पाहिजे, असें इतिहासकार मानतात.

देवळाच्या हातांतून हें काम सरकारच्या हातांत आलें तें १८३६ च्या कायद्यानें. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्स येथें सरकारी रजिस्ट्रार मृत्यूची नोंद करूं लागले. पंथ कोणताहि असो, नोंद एकाच वहींत. तीन वर्षांच्या आंत विल्यम फार नांवाच्या वैद्यानें या नोंदींतील रोगांचें वर्गीकरण आरंभिलें, आणि दप्तराचा खरा उपयोग दिसूं लागला. १८५४ च्या ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागांत पटकीचा उद्भव झाला, तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यानें सरकारी दप्तरांतून तीन दिवसांतील ८३ मृत्यूंची यादी घेतली व एकेका घरचा ठिकाणा पाहत तो हिंडला. बहुतेक घरें ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या जवळचीं निघालीं. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. सांथ तोंपर्यंत ओसरूं लागली होती हें खरें. परंतु पटकी पाण्यांतून पसरते या स्नोच्या मतास भक्कम आधार मिळाला तो कोणा कारकुनानें लिहून ठेवलेल्या ठिकाण्यांमुळें. तरीहि कायद्यांत एक मोठें न्यून होतें. मृत्यु न कळविल्याबद्दल घरच्यांस शिक्षा नव्हती. ती १८७४ च्या कायद्यानें आली, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरानें कारणाचा दाखला देणेंहि त्याच कायद्यानें आवश्यक झालें.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें गेलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांपैकीं मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनीं १६३९ सालींच एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनीं बाप्तिस्मा व दफन न लिहितां प्रत्यक्ष जन्म व मृत्यु लिहावे असें ठरविलें, आणि तें काम धर्मोपदेशकाऐवजीं मुलकी कारकुनाकडे दिलें. परंतु पुढें संयुक्त संस्थानें झालीं तेव्हां हा विषय मध्यवर्ती सरकारकडे न जातां ज्या त्या राज्याकडे राहिला. सबंध राज्यास लागू पडणारी नोंदणी मॅसॅच्युसेट्सनें १८४२ त सुरू केली. इतर राज्यांनीं आपापल्या सवडीनें, कित्येकांनीं साठ-सत्तर वर्षांनीं. मधल्या काळांत हें काम बहुतेक कौंट्यांवर पडलें. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्याएवढा, क्वचित् जिल्ह्याएवढा, राज्याचा विभाग. तिचें न्यायालय व दप्तर बहुधा एकाच इमारतींत असतें, आणि जमिनीच्या खरेदीखतांच्या शेजारींच मृत्यूचीं रजिस्टरें मांडलेलीं असतात.

व्हर्जिनिया राज्याची रीत पाहण्यासारखी आहे. तेथें १८५३ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, कराची आकारणी करणाऱ्या अंमलदारानें वर्षांतून एकदां घरोघर जातां जातांच गेल्या वर्षांतील जन्ममृत्यु विचारून घ्यावे. खर्च वांचला, पण फेब्रुवारींत गेलेल्या मुलाची चौकशी दुसरें वर्ष उजाडल्यावर होई. तारीख विसरलेली असे, घर बदललेलें असे, आणि कर घेणाऱ्यासमोर कोणी फार बोलतहि नसे. गुलामांचे मृत्यूहि त्याच रजिस्टरांत येत, व त्यांच्यासाठीं एक रकाना धन्याच्या नांवाचा असे. माहिती देणारा पुष्कळदां धनीच. मृताचें नुसतें पहिलें नांव लिहिलेलें. आईचें नांव कधीं आहे, कधीं नाहीं. बापाचें तर क्वचितच.

एवढी तुटपुंजी नोंदहि आज किती मोलाची ठरली आहे पहा. १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांचीं नांवें बहुतेक सर्वत्र गाळलेलीं आहेत. धन्याच्या नांवाखालीं वय, लिंग व वर्ण एवढेंच लिहिलेलें आढळतें. गुलामगिरी १८६५ त कायद्यानें बंद झाली, आणि या समाजांतील सर्व माणसें नांवानिशीं खानेसुमारींत प्रथम आलीं तीं १८७० सालीं. त्यापूर्वींच्या आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या कृष्णवर्णी कुटुंबांस ज्या थोड्या ठिकाणीं एखादें नांव सांपडतें, त्यांत हें कर-अंमलदारानें लिहिलेलें मृत्यूचें रजिस्टर एक होय. ज्यानें मालमत्ता म्हणून लिहिलें त्याच्याच लेखणींतून एक माणूस शिल्लक राहिला. पुढें १८९६ त व्हर्जिनियानें ही नोंदणी बंद केली व १९१२ पर्यंत राज्यभर कांहींच ठेवलें नाहीं. त्या सोळा वर्षांत मोठ्या शहरांबाहेर जीं माणसें गेलीं त्यांच्यासाठीं आज थडगीं, मृत्युपत्रें व घरगुती टिपणें यांवांचून आधार नाहीं.

ओहायो राज्यांत १८६७ पासून १९०८ पर्यंत हें दप्तर कौंटीच्या वारसा-न्यायालयाकडे होतें. त्याचीं रजिस्टरें मोठालीं. मृताचें नांव, मृत्यूची तारीख, विवाहित कीं अविवाहित, वर्षें-महिने-दिवस असें वय, मृत्यूचें व जन्माचें ठिकाण, धंदा, आईबापांचीं नांवें, वर्ण, मरणाचें कारण, आणि शेवटीं माहिती कोणी दिली, असे त्यांत रकाने. कारणांच्या रकान्यांत क्षय, घटसर्प, विषमज्वर हे आपल्या ओळखीचे रोग तर येतातच. शिवाय जलोदर, म्हातारपण, आणि लहान मुलांच्या बाबतींत दांत येणें, हींहि कारणें म्हणून लिहिलेलीं आढळतात. नांव ठेवण्यापूर्वींच गेलेल्या मुलाची नोंद अमक्याचें बालक एवढीच. एकाच आडनांवाच्या ओळींत आठवड्याभराच्या अंतरानें तीन मुलें एकाच रोगानें गेलेलीं दिसतात तेव्हां त्या घरांत काय झालें असेल हें सांगण्यास दुसऱ्या शब्दाची गरज राहत नाहीं.

मध्यवर्ती सरकारनेंहि एक प्रयत्न करून पाहिला. १८५० पासून १८८० पर्यंतच्या चारहि खानेसुमारींत १ जूनपूर्वींच्या बारा महिन्यांत कुटुंबांत कोण वारलें हें विचारून त्याची निराळी यादी केली. कल्पना चांगली, परंतु तींत दोन भोकें होतीं. एक, दहा वर्षांपैकीं नऊ वर्षांचे मृत्यु आपोआपच सुटले. दुसरें, प्रश्न घराला विचारलेला; ज्या घरांत उत्तर देण्यास कोणी उरलेंच नाहीं, किंवा ज्या एकट्या माणसाचें घरच नव्हतें, त्याचा मृत्यु सांगणार कोण? या याद्या अपुऱ्या आहेत हें त्या काळच्या खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनींहि मान्य केलें होतें.

नोंद नसल्याची किंमत कोणास द्यावी लागते? मेलेल्यास नव्हे. अमेरिकेनें स्वातंत्र्ययुद्धांतील शिपायांच्या विधवांस १८३६ च्या कायद्यानें, आणि यादवी युद्धांतील शिपायांच्या विधवांस १८६२ च्या कायद्यानें पेन्शन देऊं केलें. त्यासाठीं विवाहाचा व पतीच्या मृत्यूचा पुरावा हवा होता. कित्येकींजवळ सरकारी कागद नव्हताच. मग शेजाऱ्यांचे शपथपत्र, बरोबरच्या शिपायांची साक्ष, असा पुरावा गोळा करावा लागे. ख्रिस्ती कुटुंबांत बायबलाच्या प्रतींत कोऱ्या पानांवर घरचे जन्म, विवाह व मृत्यु लिहून ठेवण्याची चाल होती. कित्येक स्त्रियांनीं तीं पानें पोथींतून काढून अर्जास जोडलीं. ती पानें अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत अर्जांबरोबर आजहि आहेत. घरच्या बाईनें केलेलें टिपण सरकारास पुरावा म्हणून घ्यावें लागलें, कारण सरकारचें स्वतःचें दप्तर कोरें होतें.

शेवटीं हा गुंता सुटला तो एका साध्या युक्तीनें. नोंद वर्षाअखेरीस न विचारतां दफनापूर्वीं विचारावी, आणि नोंद झाल्याशिवाय दफनाचा परवाना देऊं नये. प्रेत घरांत फार वेळ ठेवतां येत नाहीं. म्हणून कोणासहि आळस करणें शक्य राहत नाहीं. डॉक्टरनें कारण लिहावें, घरच्यांनीं नांव, वय व आईबाप सांगावे, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यानें तो कागद रजिस्ट्रारकडे नेऊन परवाना आणावा, अशी सांखळी बसली. मिशिगन राज्यांत १८६७ पासून तीस वर्षें वार्षिक चौकशीची पद्धति होती. तेथें १८९७ च्या कायद्यानें ही नवी पद्धति आली. तेथील नोंदणीचे प्रमुख डॉक्टर क्रेसी विल्बर पुढें १९०६ सालीं मध्यवर्ती खानेसुमारी खात्यांत गेले आणि सर्व राज्यांनीं असाच कायदा करावा म्हणून झटले.

मध्यवर्ती सरकारास हुकूम करण्याचा अधिकार नव्हता. म्हणून त्यानें मानाची एक यादी केली. ज्या राज्याची नोंदणी पुरेशी भरंवशाची, त्याचेच आंकडे राष्ट्रीय कोष्टकांत घ्यावयाचे. शंभरांतील निदान नव्वद मृत्यु नोंदले जातात ही पुढें कसोटी ठरली. १८८० त या यादींत मॅसॅच्युसेट्स व न्यू जर्सी हीं दोनच राज्यें, राजधानीचा प्रदेश आणि कांहीं शहरें होतीं. १९०० त राज्यें दहा झालीं. त्याच वर्षीं सर्व देशासाठीं मृत्यूच्या दाखल्याचा एक नमुना सुचविण्यांत आला, आणि फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनीं १८९३ त मांडलेली रोगांची आंतरराष्ट्रीय यादीहि वापरांत आली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळीं ४८ पैकीं सुमारे तीसच राज्यें या यादींत होतीं. म्हणूनच त्या सांथींत अमेरिकेचीं सुमारे पावणेसात लक्ष माणसें गेलीं असें जें सांगतात तो मोजलेला आकडा नसून अंदाज आहे. १९३३ त टेक्सास शेवटचें म्हणून दाखल झालें, तेव्हां कोठें सर्व ४८ राज्यें पुरीं झालीं. मॅसॅच्युसेट्सच्या १६३९ च्या नियमापासून मोजलें तर जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं.

जुनें रजिस्टर वाचणाऱ्यानें कांहीं गोष्टी ध्यानांत धराव्या. नोंदीची तारीख ती मृत्यूची तारीख असेलच असें नाहीं. नांवें अक्षरानुक्रमानें, एकाच हस्ताक्षरांत व एकाच शाईनें लिहिलेलीं दिसलीं तर ती मूळ वही नसून मागाहून केलेली नक्कल समजावी. माहिती देणारा कोण हें आधीं पहावें. मुलानें सांगितलेली बापाची मृत्युतिथि विश्वसनीय, परंतु बापाचें जन्मस्थळ त्यानें ऐकीव सांगितलेलें असतें. आणि नांव न सांपडलें म्हणजे मृत्यु झाला नाहीं असें नव्हे. कोणी विचारलें नाहीं, किंवा विचारणाऱ्यास खरें सांगणें सोयीचें नव्हतें.

ही शेवटची गोष्ट आपणांसहि परकी नाहीं. १८९६ त मुंबईस व पुढें पुण्यास प्लेग आला तेव्हां घरझडती व विलगीकरण यांच्या भयानें कित्येक घरांनीं मृत्यु लपविले किंवा दुसऱ्या रोगाच्या नांवावर घातले. दोनशें वर्षांपूर्वींच्या लंडनकरांनीं केलें तेंच. उलट खेड्यांतून ठेवल्या गेलेल्या गांव नमुना १४ च्या जन्ममृत्यूच्या वह्या, लिहिल्या तेव्हां कोणास फारशा महत्त्वाच्या वाटल्या नसतील. आज जातीचा वा वारसाचा पुरावा शोधणारे लोक त्याच वह्यांचीं जीर्ण पानें उलटीत असतात.

आपल्या देशांत आज १९६९ चा जन्ममृत्यु-नोंदणी कायदा चालू आहे. मृत्यु रुग्णालयांत झाला तर कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरीं झाला तर ती कुटुंबप्रमुखाची. मुदत एकवीस दिवसांची आहे. म्हणजे तेरावा आटोपल्यावरहि आठवडाभर अवकाश राहतो. वेळेवर कळविल्यास नोंदीचा उतारा विनामूल्य मिळतो. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावांचून नोंद होत नाहीं. एकत्र कुटुंबांत हें काम दुसरा कोणी करील असें प्रत्येकास वाटतें, आणि मग घरावरील नांव, बँकेंतील ठेव किंवा विधवेचें निवृत्तिवेतन अडलें म्हणजे धांवाधांव होते. अशा वेळीं बहुधा घरांतील सर्वांत असहाय माणसासच हेलपाटे पडतात. तेव्हां हें काम कोणाचें हें आधींच ठरलेलें असावें.

त्याबरोबरच घरांतील कुलवृत्तान्ताच्या वहींत, ती नसेल तर नव्या वहींत, तिथीशेजारीं साल, वय, ठिकाण व दुखणें हीं लिहून ठेवावीं. स्त्रियांच्या बाबतींत माहेरचें नांव व आडनांव अवश्य लिहावें. तें सासरच्या कोणत्याच कागदावर सहसा नसतें, आणि तीं आठवणारी माणसें गेलीं कीं पुनः मिळत नाहींत. बाळपणींच गेलेल्या मुलांसहि एक ओळ द्यावी. ज्या वृद्ध स्त्रीस घरच्या सर्व तिथि पाठ आहेत, तिला पुढील दोन प्रश्न आजच विचारून घ्यावे: कोणत्या सालीं, आणि कशानें?